कच्चा राहिलेला सूर

माझ्या कीबोर्डमध्ये सत्तेचाळीस नंबरला एक माणूस आहे. एक नंबरला पियानो, चारला ऑर्गन, पुढे व्हायोलिन, घंटा आणि काय काय. सत्तेचाळीस दाबलं की झिरकपूरमध्ये राहणारे एक वयस्कर सरदारजी वाजायला लागतात. त्यांना तिथे मी बसवलं, त्यांना न सांगता. याला आता काही वर्षं झाली, पण ही गोष्ट अजून माझ्या घशाखाली उतरलेली नाही.

मी मूळचा कोल्हापूरचा. सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी मोहालीत आलो आणि बायको-मुलीला घेऊन एयरोसिटीत राहायला लागलो. दिवसा कंपनी, संध्याकाळी जॅझ. पियानो मला चर्चमध्ये वाजवणाऱ्या एका मास्तरांनी शिकवला, आणि कानात होती बाबांच्या भजनी मंडळातली पेटी. त्यामुळे माझ्या हातून शुद्ध असं काही कधी निघालंच नाही. लोक त्याला फ्यूजन म्हणायचे. मी हसून भेळ म्हणायचो आणि मनातून चिडायचो. बास आणि ड्रम्स वाजवणारे दोन मित्र इथेच मिळाले. चंदीगडच्या कॅफेंत आमचं बरं चाललं होतं. बरं म्हणजे लोक जेवता जेवता टाळ्या वाजवायचे.

हे सरदारजी, आमचे उस्तादजी, मला भेटले ऑफिसातल्या एकाच्या लग्नात. झिरकपूरच्या त्या भल्यामोठ्या लग्नाच्या हॉलच्या दारात, कारमधून उतरणाऱ्या पाहुण्यांच्या स्वागताला ते अल्गोजे वाजवत उभे होते. आपल्याकडे ज्याला अलगूज म्हणतात, तशा दोन बासऱ्या एकाच वेळी तोंडात धरायच्या आणि दोन्हींत फुंकायचं. फुंक मध्ये तोडायची नाही. गालात हवा साठवून ठेवायची आणि नाकाने नवा श्वास ओढत राहायचं. पाहुणे त्यांच्याकडे न बघता आत पनीरवर तुटून पडत होते. मी दारातच थांबलो. जेवण बुडालं. बायको दोन दिवस बोलली नाही, कारण आहेराचं पाकीट माझ्या खिशात राहिलं होतं.

माझ्या आग्रहावरून पुढच्याच रविवारी ते आमच्या घरी वाजवायला आले. कॉर्ड म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि माझी ऐट अशी की मी ते त्यांना शिकवणार होतो. झालं उलटंच. आम्ही वन-टू-थ्री-फोर म्हणून सुरुवात करायचो, तेव्हा ते गप्प बसून राहायचे. मी विचारलं, काय झालं?

"साह भर लैण दे, काका, फेर तुरदे आं," ते म्हणाले. श्वास भरू दे, मग निघू. पंजाबीत काका म्हणजे पोरगा; चाळिशीच्या उंबरठ्यावर मला पोरगा म्हणणारं या गावात दुसरं कोणी नव्हतं.

मग आम्ही आकडे मोजणं सोडलं आणि त्यांच्या खांद्यांकडे बघायला शिकलो. खांदे वर गेले, गाल फुगले, की निघायचं. कधी तीन सेकंद, कधी दहा. त्या थांबण्यामुळे आमच्या वाजवण्यात जे आलं ते माझ्या एकट्याच्या डोक्यातून कधीच आलं नसतं. माझी जी एक रचना आज लोक मागून मागून ऐकतात ती तेव्हाची. चौघांची आहे, पण खाली नाव माझं लागतं.

तीन वर्षांनी मला त्याच थांबण्याचा कंटाळा आला. हे लिहायला लाज वाटते, पण दुसरं कारण नाही. बाहेरगावचे कार्यक्रम मिळायला लागले होते. तिथे सगळं मिनिटावर चाले, आणि मला प्रत्येक सूर माझ्या हातात हवा होता. मित्रांना मी सांगितलं की उस्तादजींना प्रवास झेपत नाही. त्यांना झेपतो का, हे मी विचारलंच नव्हतं.

मे महिन्यात मी त्यांना दोन दुपारी घरी बोलावलं आणि त्यांचा एकेक सूर वेगळा वाजवून घेतला. असा सुटा सूर रेकॉर्ड करून कीबोर्डच्या एकेका पट्टीला जोडता येतो. पट्टी दाबली की तोच श्वास बाहेर. ते कार्यक्रमाला बांधतात ती केशरी पगडी बांधून आले होते. एकेक सूर कशाला, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बस, नोंद म्हणून. आवाज येऊ नये म्हणून मी एसी आणि पंखा दोन्ही बंद केले होते. ते घामाने निथळत होते, मध्येच सूर जुळवायला अल्गोज्यांच्या भोकांशी लावलेलं मेण बोटाने चाचपत होते. बायकोने पोहे दिले तर म्हणाले, आधी काम संपू दे.

आठवड्याभराने मी घरी ते सूर जोडून वाजवून पाहिले. आतल्या खोलीतून मुलगी "उस्तादजी आए क्या?" म्हणत धावत आली. मराठी तिला सगळं कळतं, बोलते मात्र हिंदीच. हॉलमध्ये मी एकटाच बघून ती खट्टू झाली. मला मात्र इतका आनंद झाला की मी तिला पुन्हा पुन्हा ऐकवत बसलो.

त्यानंतर मी त्यांना बोलावणं बंद केलं. अधूनमधून त्यांचा फोन यायचा. मी सांगायचो, सध्या तारखा नाहीत. माझ्या तारखांसाठी मोकळं राहायचं म्हणून ते लग्नात वाजवायची कामं नाकारत होते, हे मला फार नंतर कळलं.

एका फेब्रुवारीत चंदीगडमधल्याच एका बागेत आमचा संध्याकाळचा कार्यक्रम होता, सगळ्यांना खुला. तिसऱ्या रचनेला मी सत्तेचाळीस दाबलं आणि वाजवता वाजवता समोर पाहिलं. चौथ्या रांगेत उस्तादजी त्यांच्या बायकोबरोबर बसले होते, तीच केशरी पगडी. माझ्या बोटांबरोबर त्यांचे गाल फुगत होते. त्यांना ते समजलंही नसावं, आपोआप होत असणार. मी थांबायला हवं होतं. मी रचना पूर्ण केली, टाळ्याही घेतल्या.

कार्यक्रम संपल्यावर ते स्टेजच्या मागे आले. खांद्यावर हात ठेवून त्यांनी विचारलं, "काका, ओह मैं ही सी ना?" तो मीच होतो ना?

मी मान हलवली. ते रागावले असते तर मी काहीतरी बोललो असतो. त्यांनी कीबोर्डकडे पाहिलं.

"मैनूं सद्द लैंदा," ते म्हणाले. "मैं तां घरे ही सी." मला बोलवायचंस. मी तर घरीच होतो.

माफी मागायला त्यांच्या घरी जायचं मी पक्कं ठरवलं आणि गेलो नाही. एयरोसिटीहून झिरकपूर काही लांब नाही. एअरपोर्ट रोडला ट्रॅफिक फार असतं, असं मी वर्षभर स्वतःलाच सांगत राहिलो. ट्रॅफिक असतंच, पण भाजी आणायला मी त्याच रस्त्याने जात होतो.

मग ड्रम्स वाजवणाऱ्या मित्राकडून कळलं की त्यांना सेक्टर ३२ च्या हॉस्पिटलात ठेवलंय, फुफ्फुसांचं दुखणं आहे. त्या दिवशी मात्र निघालो. नाकाला ऑक्सिजनची नळी, डोक्याला साधा पटका. मी पाठ करून गेलेलं सगळं विसरलो. त्यांनीच मला जवळ बसवलं, मुलीची चौकशी केली, मग हळू आवाजात म्हणाले की एक गोष्ट वर्षभर सांगायची राहिली आहे. मला वाटलं, आता बोलणी ऐकून घ्यायची.

ते म्हणाले, त्या रेकॉर्डिंगमध्ये वरचा एक सूर कच्चा आहे. गरमीने मेण मऊ पडलं होतं, सूर जरा घसरला. त्यांना तेव्हाच कळलं होतं. "तूं किहा सी नोंद लई है," ते म्हणाले. तू म्हणाला होतास, नोंदीसाठी आहे. माझा मराठी शब्द त्यांनी तसाच लक्षात ठेवला होता. नुसती नोंद आहे म्हणून ते बोलले नाहीत. लोकांपुढे वाजणार हे ठाऊक असतं तर पुन्हा भरून दिला असता. बागेत तो सूर आला तेव्हा त्यांना बायकोसमोर लाज वाटली होती. बरा झालो की दुरुस्त करून देतो, म्हणाले.

मी त्यांचे हात धरून रडलो. माफी मागितली, तीसुद्धा मराठीत, कारण हिंदी सुचेना. त्यांनी ती ऐकली की नाही कोण जाणे. ते पुन्हा त्या सुराचंच बोलायला लागले.

आता ते घरी आहेत. दर रविवारी सकाळी मी तो सूर पुन्हा भरून घ्यायला मायक्रोफोन घेऊन जातो. ट्रॅफिक असलं तरी जातो. सत्तेचाळीस नंबर मी पुसलेला नाही, खोटं कशाला सांगू, गेल्या महिन्यात एका कार्यक्रमात वाजवलासुद्धा. पण तो वरचा सूर आला की आता मलाही तो कच्चा ऐकू येतो आणि माझी मान खाली जाते.

त्यांच्या खोलीत गेलो की आधी मी पंखा लावतो. ते नको म्हणतात, आवाज येईल म्हणतात. मी म्हणतो, येऊ दे. ते अल्गोजे हातात घेतात, मेण चाचपतात, बासऱ्या ओठांशी नेतात. खांदे थोडे वर येतात आणि तिथेच थांबतात. "साह भर लैण दे, काका," ते म्हणतात. मी रेकॉर्डिंग चालू करून त्यांच्या खांद्यांकडे बघत बसतो. आजवर त्यांचा श्वास भरलेला नाही. तासाभराने ते अल्गोजे मांडीवर ठेवतात आणि पुढच्या रविवारी ये म्हणतात.