कॅम्परच्या टाकीतली पुरचुंडी

मामांनी जुन्या टेम्पोचा कॅम्पर, म्हणजे पाहुण्यांना राहायची गाडी, केला होता. संध्याकाळी पहिले पाहुणे इनामगावला नदीकाठी मुक्कामाला येणार होते आणि नेमकी त्याच दुपारी गाडीतल्या किचनच्या नळाची धार करंगळीएवढी झाली.

मामा म्हणाले, "पाहुण्यांना येऊ नका म्हणून सांगू, का तुझ्या कॉलेजात नळ बी शिकवत्यात?"

घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. "बघते," एवढंच चाचरत म्हणाले.

नळाच्या तोंडाची जाळी काढून घासली. धार तेवढीच. पाइपही कुठं दुमडला नव्हता. पंप मात्र घरघरत होता. त्यालाच पाणी पुरत नसेल, असं वाटून मी टाकीत कोपरापर्यंत हात घातला. पंपाकडं जाणाऱ्या पाइपच्या तोंडाला तुरटीची पुरचुंडी घट्ट चिकटली होती. टँकरचं गढूळ पाणी निवळावं म्हणून परवा ती मीच टाकली होती, आई रांजणात सोडते तशी.

ती ओढून बाहेर काढली. लपवावंसं वाटलं, पण सांगून टाकलं.

"म्हंजी बिघाड बी तुझाच आन् मिस्त्री बी तूच!" मामा हसले. "सोड नळ."

धार बेसिनवर आदळून थेट त्यांच्या सदऱ्यावर उडाली. तशाच ओल्या सदऱ्यानं त्यांनी पाहुण्यांना फोन लावला. "या तुम्ही. भाचीनं पाणी आणलंय, लई जोरात हाय!"