आत्याबाईंना 'सुनबाई' म्हनलं ते कोन

माझी पोरगी आठ म्हैन्याची, दोन दिस तापानं फणफणत व्हती. जत्रंच्या दिवशी सकाळीच तिचे डोळे फिरले, हातपाय ताठ झाले. पर घराभाईर पडायची सोय न्हाय. आमच्यात आजेसासऱ्यांच्या नावाचा लाकडी मुखवटा हाय. जत्रंला घरातल्या गड्यानं तो घालायचा अन् मारुतीपातुर चालत जायचं. मुखवटा चढला की तो गडी ऱ्हात न्हाय, थोरला व्हतो, आई-बाप बी त्याच्या पाया पडत्यात. अन् तो देवळात पोचंस्तोवर घरच्या बाईनं उंबरा वलांडायचा न्हाय. त्या वर्षी मुखवटा आमच्या मालकांनी घातला व्हता, अन् ते अजून घरातच, निघायच्या तयारीत उभे व्हते.

आत्याबाई, म्हंजी माझ्या सासूबाई, दारात आडव्या उभ्या. म्हनल्या, "थोरल्यांचा कोप हाय. अंगारा लाव, उतरंल."

"दोनदा लावला. पोरगी हातातनं चाललीया, आत्याबाई. दवाखान्यात न्हेते."

"थोरल्यांच्या आडवं जातीस? वंस बुडवतीस व्हय गं, भवाने!"

मला लई भ्या वाटत व्हतं, सातवीपातुर शिकलेली म्या, पर तोंडातनं निघूनच गेलं, "पोरगी त्यांच्याच रगताची हाय. कोपायचं असंल तर माझ्यावर कोपा म्हनावं!"

तवा मुखवट्याच्या आतनं आवाज आला, जाड, म्हाताऱ्यावानी. "सुनबाई, वाट सोडा."

ते मला न्हवतं. आत्याबाईंना व्हतं, त्यांच्या सासऱ्याचाच तो मुखवटा. त्यांनी पोटच्या पोराम्होरं झटदिशी पदर वढला, मान खाली घातली अन् बाजूला झाल्या. म्या पोरीला घिऊन पळाले. तामलवाडीच्या जीपवाल्यानं पोरीकडं बघितलं अन् शिटा भरायची वाट न बघता गाडी सोडली. डॉक्टर म्हनले, येळंवर आनलं.

सांच्याला मालक दवाखान्यात आले. म्या इचारलं, आत्याबाईंना वाट सोडा म्हनलं ते तुमीच नव्हं? "म्या? आईम्होरं माझं तोंड कदी उघडलंय का? तिला सुनबाई कोन म्हनंल, येडे!"

खरं का खोटं, म्या खोदत बसले न्हाय. भाऊबंद अजून म्हनत्यात, हिनं रीत मोडली. म्हनू द्या. थोरल्यांनो, तुमच्या पाया पडते, तुमचे उपकार जलमभर फिटायचे न्हाईत, सगळं तुमच्यावरच सोडलंय. पर पोरीला ताप आला की आधी दवाखाना, मग तुमचा नारळ. तुमी समजून घेताल.