कोणती दुनिया बुडाली

आमच्या घरात शास्त्राचे प्रश्न मला विचारले जात. मला शास्त्र येतं म्हणून नव्हे, घरात दुसरा कोणी नव्हता म्हणून. एकादशी आज धरायची की उद्या, ग्रहणात पाणी प्यावं की नाही, असलं काहीही बायको विचारायची आणि मी पेपरातून डोकं न काढता काहीतरी ठोकून द्यायचो. आर्वीच्या कचेरीत सारी नोकरी काढलेला माणूस मी. ठोकून देणं मला जमतं. तीही ऐकायची. मग आम्ही राहतो त्या नालवाडीत, आमच्या मागच्या गल्लीत एक निवृत्त भूगोलाचे सर राहायला आले आणि माझी ही गादी गेली.

सर पुण्याकडचे. बायको वारलेली, म्हणून लेकीजवळ आलेले. कपडे इस्त्रीचे आणि बोलणंही इस्त्रीचं. अधिक महिन्यात आमच्या देवळात दुपारी पोथी लागते. वाचणाऱ्या काकूंचा घसा बसला, म्हणून एक दिवस सरांनी पोथी हातात घेतली, ती घेतलीच. आयत्या बिळावर नागोबा! वाचता वाचता ते अर्थ सांगू लागले, बायका माना डोलावू लागल्या, आणि सगळ्यांत जास्त डोलत होती ती आमच्या घरातली मान. मी मागे खांबाला टेकून बघत होतो. माझ्या पोटात दुखत होतं, हे सरळच सांगून टाकतो.

त्या दिवशी मत्स्यावतार होता. राजाच्या ओंजळीत इवलासा मासा येतो, वाढत वाढत समुद्राएवढा होतो, आणि प्रलय आला की राजाची नाव ओढून नेतो. नावेत ऋषी आणि बी-बियाणं. बाकी तिन्ही लोक पाण्याखाली. वाचन थांबलं तशी माझी बायको उभी राहिली. चारचौघांत ती कधी तोंड उघडत नाही.

"सर, बाकीच्यायनं काय पाप केलं होतं?"

सरांनी पोथीत खूण घातली. "ताई, सगळं जग बुडालं असं मुळात धरूच नका. तुमच्याकडे म्हणतात ना, लग्नाला सारी दुनिया आली होती? म्हणून काय जपानची माणसं पंगतीला बसलेली असतात?" बायका खुदखुदल्या. "तसंच हे. एका नदीचं खोरं बुडालं असेल. ज्यांनी पाहिलं त्यांची दुनिया तेवढीच."

आमचाच शब्द उचलून आम्हालाच शिकवत होता हा माणूस. त्यात तो बरोबर होता, याच्या मला जास्त मिरच्या झोंबल्या. इतकी वर्षं दुनिया दुनिया करत आलो, मला कसं नाही सुचलं?

त्यानंतर बायको रोज सरांकडे जाऊ लागली. कोथिंबिरीची सांबारवडी केली की पहिला घाणा डब्यात घालून तिकडे. मला मोडलेल्या वड्या.

"काय एवढं बोलून राह्यले तुमी रोज?" मी एकदा विचारलं.

"पुराचं."

"पुराचं? इथं नळाले पानी नाई आन् तुमी पूर घेऊन बसले!"

ती डबा उचलून निघाली. माझा मात्र तिळपापड झाला. मला प्रलयाशी काही देणंघेणं नव्हतं, पण सर एका खोऱ्याच्या बाजूचे म्हटल्यावर मी साऱ्या पृथ्वीच्या बाजूचा झालो. जेवताना ठासून सांगितलं, "पोथीत तिन्ही लोक म्हटलं म्हणजे तिन्ही लोक. तुह्ये सर पोथी बदलतीन काय?"

तिनं माझ्याकडे निरखून बघितलं. "तेच तं सांगून राह्यली मी त्यायले," ती म्हणाली. मला वाटलं, माझी समजूत काढते आहे. मी आणखी चिडलो.

मग एका संध्याकाळी डबा परत करायला सर स्वतः फाटकाशी आले. "तुमचा मुद्दा मला काही खोडता येत नाही बुवा," म्हणाले.

"माझा कोणता मुद्दा?"

"वहिनी रोज तोच घेऊन येतात. 'आमच्या घरचे म्हणतात, पाणी साऱ्या दुनियेत होतं, एकट्या कोणासाठी आलं नव्हतं.' मी नकाशे काढून दाखवतो, त्या हटत नाहीत."

असं मी कधी म्हणालो, मला काही आठवेना. सर गेल्यावर मी आत आलो. ती तांदूळ निवडत होती. मी पेपर घेऊन समोर बसलो आणि विचारलं.

तिचं माहेर वर्धा नदीच्या काठचं. ती लहान असताना पुरात घर गेलं आणि रोहणा गावच्या मावशीकडे सगळे राहिले, एवढं मला ठाऊक होतं. त्याच्या आदल्या दिवशीचं ती आता सांगत होती. तिची आई आणि शेजारच्याच घरातली जाऊ मोरीच्या पाण्यावरून भांडल्या होत्या. भांडता भांडता आई बोलून गेली, "बुडो तुह्यं घर!" दुसऱ्या दिवशी नदी गावात आली. जावेचं घर गेलं आणि आईचंही गेलं. पूर आपल्या तोंडानं आणला, असं आई धरून बसली.

"लग्नाच्या साली तुमाले सांगतलं होतं हे. तुमी पेपर वाचून राह्यले होते. तुमीच म्हनलं, त्या साली तं साऱ्या दुनियेत पानी होतं, तुह्या मायच्या तोंडानं थोडंच आलं! मी मायले जाऊन तसंच सांगतलं. त्या दिवशी माय पोटभर जेवली."

"मंग सरांकडे काऊन जातं?"

"सर म्हंतात, एकाच खोऱ्यात होतं. शिकलेला मानूस आहे. तुमचं बरोबर आहे, असं त्यायनं एकदा म्हनाव, बस." तिनं एक खडा काढून बाजूला टाकला. "माय तं गेली. पन मी तिले सांगून बसली ना."

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सांगा ना. होतं ना साऱ्या दुनियेत?"

महिनाभर मी याच प्रश्नासाठी जळत होतो. तिनं मला विचारलं होतं, सरांना नाही. मी पेपर खाली ठेवला, चष्मा काढला, तिच्याकडे बघितलं. त्या साली कुठे किती पाऊस पडला, मला काय माहीत!

"होतं," मी म्हणालो.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"तवा तुमी असे थांबून नव्हतं सांगतलं," ती म्हणाली आणि पुन्हा तांदळात बोटं घातली. पेपरातून डोकं न काढणाऱ्या त्या जुन्या नवऱ्याचा मला जेवढा हेवा वाटला, तेवढा सरांचाही कधी वाटला नव्हता.