कांडी, नग एक, बारदान वजा

ज्या वस्तूचं वजन करता येत नाही ती वस्तू जगात नाहीच, असं मानणारा एकच माणूस मी आजवर पाहिला आणि माझं नशीब असं की तो माझा साडू निघाला. वसमतच्या हळदीच्या मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात, मापाडी म्हणून त्यांची हयात गेली. पोतं काट्यावर चढायच्या आधीच ते आकडा सांगत आणि काटा निमूटपणे त्यांच्या आकड्यावर येऊन थांबे. मोंढ्यात ही कौतुकाची गोष्ट होती, पण साडूबुवा मोंढा घरी घेऊन येत. लग्नात नवरी बोहल्यावर चढली की माझ्या कानाशी लागून म्हणत, "बावन्न. शालू धरून." माझा मुलगा झाला तेव्हा बाळ कोणावर गेलंय यावरून दोन्हीकडच्या बायका हमरीतुमरीवर आल्या होत्या. यांनी बाळाला दोन्ही तळहातांवर घेऊन दोनदा वरखाली केलं आणि जाहीर केलं, "दोन सातशे." नर्स म्हणाली, दोन नऊशे. "तुमचा काटा तपासून घ्या, बाई," साडूबुवा म्हणाले. बाईंनी रागाच्या भरात खरंच काटा तपासून घेतला आणि तो दोनशे ग्रॅम जास्त दाखवत होता. त्या दिवसापासून हा माणूस आम्हा नातेवाइकांना असह्य झाला.

लेकीचं लग्न होऊन घर रिकामं झालं, त्याच हंगामात त्यांना मोंढ्यात पोत्यांच्या थप्पीमागे कुत्रीचं एक पिल्लू सापडलं. वाळल्या हळदीच्या कांडीसारखं पिवळं आणि तेवढंच बारीक, म्हणून नाव कांडी. कांडीची भाकरी तोलून व्हायची, दूध मापून व्हायचं आणि दर रविवारी खुद्द कांडीचं वजन व्हायचं. त्याचं मला काही नव्हतं. पण कांडी आली आणि अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, घराला बांधली गेली. आधीच अक्काचा प्रवास म्हणजे लग्नं, बारशी आणि दहावे. हौसेनं म्हणून ती कुठे गेली असेल तर मला आठवत नाही. तिनं टीव्हीवर हैदराबादजवळच्या एका मोठ्या खेळबागेची जाहिरात पाहिली होती. त्यात एक छोटी आगगाडी उंच चढून धाडकन खाली कोसळायची. "मला एकदा त्या गाडीत बसायचं हाय," असं ती माझ्या बायकोला एकदाच म्हणाली, पण अशा आवाजात म्हणाली की आमच्या सौभाग्यवतींनी तो घरचा ठरावच मानला. तीन उन्हाळे आम्ही बेत आखला आणि तिन्ही उन्हाळे साडूबुवांनी एकाच वाक्यात मोडला, "कांडीचं काय?" शेजारी सांभाळायला तयार होते. त्यांची परीक्षा झाली आणि भाकरी नजरेच्या अंदाजानं तोडतात म्हणून ते नापास झाले. मी एकदा चिडून म्हणालो, "दाजी, चार दिवसांत काय होणार आहे?" तर म्हणाले, "माल उघड्यावर टाकून कोणी गावाला जातं का?"

शेवटी मीच नांदेडला एक निवृत्त जनावरांचे डॉक्टर शोधून काढले. ते बंगल्यामागच्या खोल्यांत लोकांची कुत्री ठेवून घेत. मोबाईल तेव्हा बड्या व्यापाऱ्यांच्याच खिशात असे आणि डॉक्टरांचा घरचा नंबर मला माहीत नव्हता, म्हणून हे जमवायला मला दोन खेपा घालाव्या लागल्या. ठरल्या दिवशी साडूबुवा, अक्का, आम्ही नवराबायको, आमची दोन मुलं आणि कांडी असे जीप करून नांदेडला निघालो. डॉक्टरांनी वही उघडून विचारलं, "जात कोणती?" साडूबुवा म्हणाले, "मोंढ्यातली." मग त्यांनी पिशवीतून ताणकाटा आणि रिकामं पोतं काढलं. कांडीला पोत्यात घातलं, नुसतं डोकं बाहेर ठेवलं, आणि पोतं खोलीच्या कडीला टांगलं. बिचारी हूं की चूं न करता लोंबकळत राहिली, तिला दर रविवारची सवय होती. कागदावर त्यांनी मोंढ्यातल्या अक्षरात लिहिलं, 'कांडी, नग एक, सोळा किलो चारशे, बारदान वजा,' म्हणजे पोत्याचं वजन वगळून. आणि त्यावर डॉक्टरांची सही मागितली. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी भिंतीकडे पाहिलं आणि त्यांनी सही केली.

रात्रीची रेल्वे पकडून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खेळबागेच्या दारात उभे होतो. तिकिटं काढून झाली होती. अक्कानं नवं लुगडं नेसलं होतं आणि मुलांच्या आधी तीच रांगेत लागली होती. तेवढ्यात "एक फोन करून येतो" म्हणून साडूबुवा समोरच्या एसटीडी बूथमध्ये गेले आणि अर्ध्या तासाने चेहरा पाडून परत आले. "कांडीनं कालपासून तोंडात घास घेतला न्हाई. रोजची तीन-चारशे ग्रॅम घट धरली तर घरी जाईस्तोवर पोरगी किलो-सव्वा किलोनं उतरती. चला वापस." असं म्हणून त्यांनी अक्काच्या हातातली पिशवी घेतलीसुद्धा! मी काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. तीन उन्हाळ्यांचा राग होता तो, आणि मी तो सगळा तिथं उन्हात काढला. त्यांच्यावर काडीचाही परिणाम झाला नाही. मग अक्कानं पिशवी शांतपणे परत घेतली. "तुमी जा," ती म्हणाली. "मी न्हाई येत. मला गाडीत बसायचं हाय."

उभ्या संसारात अक्कानं नवऱ्याला 'न्हाई' म्हटलेलं आम्ही कोणी ऐकलं नव्हतं. साडूबुवांनीही नसावं. "काहून?" एवढंच त्यांनी विचारलं. ती रांगेत एक पाऊल पुढे सरकली. मग ते एकटेच स्टेशनच्या बसमध्ये चढले. अक्का गाडीत बसली. एका बाकावर दोघांची जागा, आम्ही चौघे जोडीजोडीनं बसलो. माझी बायको उठून तिच्या शेजारी जाऊ लागली, तर ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे, तू लेकराजवळ बस." मला वाटलं, रुसली आहे. गाडी कोसळली तेव्हा आमच्या मागून जी आरोळी आली ती अक्काची होती हे मला खाली उतरेपर्यंत पटलं नाही. उतरल्यावर ती पदराने डोळे पुसत हसत होती. बाहेर पडताना तिथं गाडीतले फोटो विकत मिळत. तिनं स्वतःचा एक घेतला आणि कोणाला न दाखवता पिशवीत ठेवला.

परत येताना नांदेडला उतरलो. साडूबुवा खोलीच्या फरशीवर मांडी घालून बसले होते आणि कांडी त्यांच्या हातून भाकरी खात होती. डॉक्टर हैराण झालेले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, ठेवायला कुत्री घेतली होती. हे दोन दिवसांपासून इथंच येऊन बसले आहेत, लॉजवर नुसते अंग टेकायला जातात." साडूबुवांनी आम्हाला पहिला आकडा सांगितला, "पंधरा नऊशे. अर्धा किलोची तूट." मला परत संताप आला. अक्काची विचारपूस नाही, प्रवासाची चौकशी नाही.

परतीची जीप वसमतच्या रस्त्याला लागल्यावर अक्कानं पिशवीतून फोटो काढून त्यांच्या हातात दिला. मीही मान वाकडी करून पाहिला. अक्काचा जबडा वासलेला, केस उडालेले आणि शेजारची जागा रिकामी. साडूबुवांनी फोटो डोळ्यांजवळ धरला. वजनाचं काही बोलले नाहीत. "शेजारी कोणी न्हाई?"

"तुमचं तिकीट काढलं होतं ना," अक्का म्हणाली. "दुसरं कोण बसंल तिथं?"

कांडी त्यांच्या पायाशी झोपली होती. वसमत आलं तरी फोटो त्यांनी अक्काला परत दिला नाही.

कांडी त्यानंतर पुष्कळ जगली आणि म्हातारी होऊन गेली. तोवर अक्काचे गुडघे धरले होते, तिला घराची पायरीसुद्धा भिंतीला धरून उतरावी लागायची. गेल्या उन्हाळ्यात साडूबुवा माझ्याकडे आले. चहा घेतला, मोंढ्यातल्या गप्पा झाल्या. जायला उठले आणि चपला घालता घालता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "साडूभाऊ, त्या गाडीत माणसाला उचलून बसवतात का हो? मी उचलीन. तिचं वजन माझ्या हाताला माहीत हाय." या माणसाला टोचून बोलायची एकही संधी मी आयुष्यात सोडली नव्हती. ती त्या दिवशी पहिल्यांदा सोडली. "विचारून बघू," मी म्हणालो.