बेदाण्याचा सौदा, इंग्रजीतून

स्वप्नाली चौगुले या बाईंशी माझी ओळख भांडणातून झाली. माझ्या बऱ्याच ओळखी तशाच झाल्यात. तासगावच्या एका कॉलेजात त्या बीएच्या पोरांना इंग्रजी शिकवतात. वाङ्मय पण शिकवतात आणि बोलायचं इंग्रजी पण. राहायला सांगलीत, घर जैनांचं, वडील हळदीच्या पेठेत दिवाणजी. रोज सकाळची एसटी धरून तासगाव गाठायचं. नेमणूक तासावरची. वर्ग भरला तर बाई आहेत, बंद पडला तर बाई घरी.

तीन वर्षांपूर्वी माझ्या भावाच्या पोरीनं, शिवांजलीनं, इंग्रजी विषय घेतला. माझं डोकं फिरलं. सरळ वर्गात घुसून मी विचारलं, "द्राक्षबागायतदाराच्या पोरीला परक्या मुलखातल्या गोष्टी कशाला पाहिजेत?"

बाई हातातला खडू खाली न ठेवता म्हणाल्या, "दादा, आवाज चांगला आहे तुमचा. मागच्या बाकावर बसा, तास ऐका, आणि मग ह्याच आवाजात ओरडा."

बसलो. माझं शिक्षण सातवी. इंग्रजी मी सरकारी नोटिशींवरून शिकलो, डिक्शनरी मांडीवर घेऊन, कारण साहेब लोक त्या भाषेच्या आड लपतात हे मला लवकर कळलं होतं. त्या दिवशी बाई एका म्हातारीची गोष्ट शिकवत होत्या. म्हातारी जागा विकायला तयार नसते. बाईंनी एकच विचारलं, "हिला नेमकं काय हवंय? आणि ते ती तोंडानं सांगतीय का?" पोरं अर्धा तास वाद घालत होती. शेवटी मी पण हात वर केला. ओरडायचं राहूनच गेलं.

वाद सगळा मराठीत, हे मात्र खरं. इंग्रजी बोलायच्या तासाला तोंडं शिवलेली. पुस्तकात संवाद कसले, तर विमानतळावरची चौकशी आणि हॉटेलात खोली मागणं. पोरं ते पाढे म्हटल्यासारखे म्हणायची. शिवांजली तर तेवढंही नाही. "मॅडम, माझं चुकलं की सम्मेद हसतोय." सम्मेद हा बेदाण्याच्या व्यापाऱ्याचा पोरगा, दहावीपर्यंत इंग्रजी शाळेत गेलेला. हसायचा तो, खोटं नाही.

यंदा फेब्रुवारीत प्राचार्यांनी सांगितलं की मार्चमध्ये तपासणीची कमिटी येणार. पोरं इंग्रजीत बोलली नाहीत तर जूनपासून बोलायच्या इंग्रजीचा कोर्स बंद. आणि मार्च म्हणजे आमच्याकडं द्राक्षांचा हंगाम. अर्धा वर्ग बागेत, अर्धा बेदाण्याच्या शेडवर.

बाईंनी पुस्तक मिटलं. "विमानतळावर कोण गेलंय?" कुणीच नाही. "सौद्यात?" सगळे हात वर.

ठरलं. कमिटीपुढं बेदाण्याचा सौदा करायचा, मार्केटात लिलाव होतो तसा, पण इंग्रजीतून. शिवांजली शेतकरी, सम्मेद खरेदीदार आणि यशराज नावाचा तिसरा पोरगा अडत्या, म्हणजे मधला दलाल. तीन आठवडे वाक्यं पाठ केली, नमुना मांडायच्या रिकाम्या ताटावर तालीम केली.

कमिटीच्या प्रमुख साताऱ्याच्या एक करारी मॅडम होत्या. मी पालक म्हणून भिंतीकडेला बसलेलो. बाईंनी आधीच बजावलं होतं, "दादा, आज तोंडाला कुलूप." ताटात त्या दिवशी पहिल्यांदा खरा बेदाणा होता, शिवांजलीच्या घरचा.

यशराजनं बोली काढली. सम्मेदनं मूठभर बेदाणा उचलला, दोन दाणे तोंडात टाकले आणि उरलेला फरशीवर फेकला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. सौद्यात काही खरेदीदार असंच करतात. मूठ उचलायची, बघायची, उधळायची. शेतकऱ्याचा माल पायाखाली. ह्यावर मी स्वतः धरणं धरलंय. सम्मेदच्या मनात काही नव्हतं. बापाच्या हाताची सवय पोराच्या हाताला, एवढंच.

शिवांजलीनं खरं तर म्हणायचं होतं, "गुड क्वालिटी, सर." ती फरशीकडं बघत राहिली.

"पिक इट अप."

"अगं, हे पाठात न्हाई," सम्मेद कुजबुजला.

"आय नो! पिक इट अप! माय मदर वॉश धिस. माय मदर क्लीन धिस, वन बाय वन! यू इट टू, यू थ्रो फिफ्टी!"

"एव्हरीबडी डज इट! अ बायर मस्ट चेक!"

"चेक विथ युवर आईज! फ्लोअर हॅज नो आईज!"

यशराज बिचारा मध्ये पडला, "प्लीज, प्लीज, नो फायटिंग इन मार्केट!" तेवढ्यात मागच्या बाकांनी बाजू घेतल्या. शेतकऱ्यांची पोरं एकीकडं, बाकीची दुसरीकडं, आणि सगळी इंग्रजीत. मोडकं, तोडकं, पण थांबेचना. प्राचार्यांचा चेहरा पांढरा पडला. मी ताडकन उठलो. बाईंनी नुसतं बघितलं. बसलो.

त्यांनी वर्गाला थांबवलं नाही. दुसरी कुणी असती तर पाठ केलेल्या वाक्यावर आणून सोडलं असतं. ही बाई हाताची घडी घालून खिडकीपाशी उभी, जणू घरचं लग्न बघतेय.

साताऱ्याच्या मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि सम्मेदला इंग्रजीतच विचारलं, ह्या मुलीला नेमकं काय हवंय?

सम्मेदनं बराच विचार केला. "रिस्पेक्ट, मॅडम." मग शिवांजलीकडं तिरकं बघून, "अँड टेन रुपीज मोअर."

वर्ग फुटला हसून. शिवांजली पण हसली, पण म्हणाली, "फर्स्ट पिक अप." तो उकिडवा बसला, दाणे वेचले, आणि सौदा मिटला. दहा रुपये वाढवूनच मिटला, हे मी काका म्हणून मुद्दाम नोंदवतो.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "बाई, कोर्स गेला असता तर?"

"गेला असता, दादा. पण तीन वर्षं ज्याची वाट बघत होते, ते सुरू झालं होतं. ते मी कसं थांबवू?"

मे महिन्यात कमिटीचं पत्र आलं. कोर्स चालू राहणार. बाईंनी ते उभ्याउभ्याच वाचलं, पुन्हा एकदा वाचलं आणि पर्समध्ये ठेवलं. तेवढ्यात सम्मेद दारात. त्याला आणि शिवांजलीला तोंडी परीक्षेत सारखेच मार्क पडले होते.

"मॅडम, माझं इंग्लिश तिच्यापेक्षा शुद्ध आहे. हा अन्याय आहे."

"असेल," बाई म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. "पटवून दे मला. पण मराठीत नाही ऐकणार."

पोरगं वीस मिनिटं भांडलं. मार्क एकही वाढला नाही, आणि बाईंची सांगलीची एसटी चुकली.