सोळा बटणांचा सुलतान

बेनअवदा माझ्या आत्याचा पोरगा. नातं आडवं येतं म्हणून लिहायचं, नाहीतर या गड्यावर शाई घालावी असं त्याच्यात काही नाही. आमचं गाव अल्जीरियात, ओरान शहराच्या खाली, द्राक्षमळ्यांच्या कडेला. तिथं त्याला सगळे 'बटण्या' म्हणतात, आणि हा शहाणा ते कौतुक समजतो.

बापाचं न्हाव्याचं दुकान होतं. तिथं यानं पहिल्याच आठवड्यात इमामाच्या कानाची पाळी कापली. मळ्यात लावला तर वेलीखाली घोरताना सापडला. मग म्हणाला, मी वाजवणारा होणार. गेला बूझियानकडे. बूझियान आमच्या मुलखाचा डफवाला. त्याच्या डफावर थाप पडली की भिंतीला टेकून बसलेल्या म्हाताऱ्यांचेसुद्धा खांदे उडायला लागतात. त्यानं याला एक उन्हाळा सोसला, मग हातातला डफ काढून घेतला आणि म्हणाला, "बाळा, तुझ्या हातापेक्षा बकरीचं शेपूट ठेक्यात हलतंय."

दुसरा कोणी असता तर गप घरी गेला असता. यानं फ्रान्सात मार्सेलला राहणाऱ्या चुलत्यामागं भुणभुण लावून ठेका वाजवणारं जपानी यंत्र मागवलं. कॅसेटचे दिवस होते, ओरानमधली गाणारी पोरं असल्या यंत्रांवर कॅसेटी काढत होती, त्याचं वारं याच्या कानात शिरलेलं.

यंत्र म्हणजे चपटा पत्र्याचा डबा. खाली ओळीनं सोळा बटणं, तांबडी, नारिंगी, पिवळी, पांढरी. ज्या बटणावर बोट ठेवाल तिथं ठोका पडतो. एक बारीक दिवा डावीकडून उजवीकडं पळतो, आणि टोकाला गेला की परत पहिल्यापासून. घाण्याचा बैल तरी मधेच थांबून मुततो. हा दिवा थांबत नाही. वर खुंट्या आहेत, त्या पिळल्या की मोठा ढोल पोटात घुमतो, एवढं खरं. टाळी मात्र ओल्या चपलेनं झुरळ मारल्यासारखी.

बेनअवदा दिवसभर त्या डब्यावर वाकलेला असायचा. एक बटण दाबायचं, मान तिरकी करून ऐकायचं, ते काढायचं, शेजारचं दाबायचं. चहा आईनं आणून द्यायचा, पेला आईनंच उचलायचा. संध्याकाळी हा कॉफीच्या दुकानात येऊन म्हणायचा, "लई दमलो."

"बूझियानच्या डफाला जाळ दाखवावा लागतोय, तवा कुठं कातडं तापतंय," तो सांगायचा. "माझ्या डब्याला जाळ नको, जेवण नको. आन् तो कधी चुकत न्हाय."

"मग जोडी बरी जमली," दुकानवाला म्हणाला. "त्यो कधी चुकत न्हाय, आन् तू कधी बरोबर येत न्हाईस."

अशा माणसाचं लग्न ठरलं ते निव्वळ आत्याच्या चिकाटीनं. मुलगी रकिया, मसिर्दाच्या डोंगरातली. त्या डोंगरवाल्यांची रीत सगळ्यांना ठाऊक होती: नवऱ्याच्या अंगणात पोरीकडचे गडी अलावी नाचणार, आणि मगच पोरगी गाडीतून उतरणार. नाच झाला नाही तर गाड्या आल्या वाटेनं परत.

अलावी म्हणजे लढवय्यांचा नाच. गडी खांद्याला खांदा लावून उभे राहतात, खांदे थरथरवतात, आणि म्होरक्या हाळी देईल तेवढ्या टाचा आपटतात. हाळी कधी यायची आणि किती टाचांची यायची, ते म्होरक्याच्या मनात. डफवाला त्याच्या अंगावर डोळा ठेवून वाजवतो, म्हणून तर सगळं एका दमात पडतं.

मी म्हणालो, "बेनअवदा, बूझियानला बोलाव."

"माझ्या लग्नात बकरीचं कातडं? अलावी मी डब्यात भरलीय, कादा."

"आन् म्होरक्या हाळी देईल तवा रं?"

"त्यानं डब्याच्या मापानं द्यावी."

"सी लखदरनं? रकियाच्या मामानं? आरं, तो देवाच्या मापानंबी देत न्हाय."

"तुला यातलं काय कळतंय," असं म्हणून त्यानं परत डब्यात डोकं घातलं. बूझियानला त्यानं जेवायलासुद्धा बोलावलं नाही.

आमच्याकडं लग्नात नवरा सुलतान असतो. पांढऱ्या बुरनूसची, म्हणजे पायघोळ लोकरी झग्याची, टोपडी डोळ्यांवर ओढून, हात आत घेऊन मुकाट बसायचं. भूक लागली तरी त्याच्या वतीनं वजीर बोलणार. सुलतानानं काडीला हात लावला तर सासरचे त्याला जन्मभर नोकर म्हणतात. वजीर मी होतो, नात्यानं गळ्यात पडलेला. सोळा बटणांची जुळणी करत बसणाऱ्या या माणसाला, आपल्या लग्नात आपलेच हात बुरनूसमध्ये अडकणार, हे आदल्या दिवसापर्यंत सुचलं नव्हतं. मग मला बसवून शिकवायला लागला. "हे दाबलं की चालू. दुसरं कशाला शिवू नगंस."

दुपार कलताना हॉर्न वाजवत गाड्या आल्या. रकियाची पेजो गाडी फाटकात उभी राहिली, काचेआड पांढरा बुरखा. डोंगरवाले अंगणात ओळ धरून उभे राहिले आणि सी लखदरनं काठी वर केली. मी बटण दाबलं.

सुरुवात बरी झाली. ढोल घुमला, खांदे थरथरले, गच्चीवरच्या बायकांनी जिभा हलवून किलकारी मारली. मग मामानं हाळी दिली. टाचा पडल्या, आणि डबा भलतीकडंच. त्यांच्या टाचा संपल्या तेव्हा त्याचा दिवा कुठंतरी मधे होता. मामानं पुढची हाळी अडवून धरली, डबा टोकाला जायची वाट बघितली. एवढा मोठा गडी, बस चुकलेल्या माणसासारखा ताटकळत उभा! परत हाळी दिली. या वेळी अर्ध्यांनी मामाचं ऐकलं, अर्ध्यांनी डब्याचं, आणि कडेचा म्हातारा शेजाऱ्याच्या पायावर पाय देऊन खाली बसला.

मामानं काठी टेकली. "ह्याला कान हैत का न्हाईत?"

"न्हाईत, मामा," मी म्हणालो.

"मग आमाला कशाला ऐकवताय? बायकोनं हाक मारली तर हा नवराबी असाच पुढं चालत जाणार व्हय? पोरगी गाडीतच राहील. फिरवा गाड्या."

तेव्हा आमचा सुलतान उठला. टोपडी डोळ्यांवर, म्हणून आधी सरबताच्या टेबलाला धडकला. बुरनूसमधून हात काढले आणि पडला डब्यावर. "मामा, हाळी द्या! मी हातानं थांबवतो! शेवटची दोन बटणं गाळतो!"

मामानं गंमत म्हणून हाळी दिली. यानं डबा थांबवला तो टाचा पडून गेल्यावर. परत चालू केला तो हाळीच्या आधी. गच्चीवर बायका एकमेकींच्या खांद्यावर पडून हसत होत्या.

"सुलतान कुठाय?" डोंगरवाल्यांपैकी एकानं विचारलं. "का हा त्याचा नोकर?"

आत्या दारात उभी होती, सुनेला द्यायचं दूध आणि खजूर हातात घेऊन. "बंद कर ते, बेनअवदा."

"एक मिनिट, आय, सापडतंय—"

आत्यानं दुधाचा वाडगा माझ्या हातात दिला, भिंतीशी गेली आणि वायर उपटली.

ठोका मधेच तुटला. बेनअवदा असा ओरडला की मला वाटलं विजेचा झटका बसला. डब्याच्या पोटात सेल असतात, वीज गेली तरी भरलेले ठेके त्यांच्यावर जिवंत राहतात. ते सेल यानं रेडिओवर फुटबॉल ऐकायला काढून घेतले होते. तीन हिवाळे बसून केलेलं सगळं पुसून गेलं. हा मटकन खाली बसला आणि टोपडीत तोंड घालून हुंदके द्यायला लागला.

डोंगरवाल्यांना काय करावं कळेना. मग मामाच म्हणाला, "रडणाऱ्याच्या दारातनं कसं परत जायचं? टाळ्या धरा." आणि त्यांनी नुसत्या टाचा, टाळ्या आणि काठ्यांवर अलावी केली. तिच्यासारखी मी त्यानंतर बघितली नाही. नाच झाला. रीत पुरी झाली.

मामा गाडीशी गेला, दार उघडून हात पुढं केला. बुरख्यातून काहीतरी कुजबुज झाली. मामा वाकला, ऐकलं, मिशीत हसला आणि अंगणाकडं वळून मोठ्यानं म्हणाला, "पोरगी इचारतीय, सुलतान कुणासाठी रडतोय?"

आत्या घाईनं म्हणाली, "सुखाचं रडतोय हो, सुखाचं."

परत कुजबुज. "पोरगी म्हणतीय, तिला काचेतनं समदं दिसलंय. उतरायला ती तयार हाय. पण डबा गोठ्यात गेल्यावर."

सगळ्यांनी बेनअवदाकडं बघितलं. वजीर म्हणून मी बोलायला हवं होतं, पण मी दूध सांभाळत होतो, आणि खरं तर मला बघायचं होतं. तो डब्याकडं बघत राहिला, गाडीकडं बघितलं, परत डब्याकडं. गाडीवाल्यानं इंजिन सुरू केलं.

तेव्हा कुठं त्यानं मान हलवली. डबा उचलून गोठ्यात नेला तोही त्यानंच, सगळ्यांदेखत, सुलतानाच्या पोशाखात. मागं रकिया उतरली, दूध प्याली, खजूर खाल्ला आणि घरात गेली.

अजून तो लोकांना सांगतो की यंत्र बरोबर होतं, नाचणारे चुकले. सांगतो गोठ्याच्या दारात उभा राहून, कारण डबा अजून तिथंच आहे, आणि दिवसातला बराच वेळ तोही.