गवत जाळण्याची दुपार

फाल्गुन सरत आला की डोंगरावरचं कुसळी गवत वाळून फिकट सोनेरी होई, आणि त्याचा कोरडा, किंचित गोडसर वास वाऱ्याबरोबर गारखेड्यातल्या आमच्या गच्चीपर्यंत येई... बाबा अग्निशमन दलात होते. कितीही धुतला तरी त्यांच्या खाकी शर्टाला धुराचा आणि ओल्या रबरी पाइपाचा वास असायचाच. उन्हाळ्याच्या तोंडाशी ते लाल बंब घेऊन पायथ्याच्या गावांत जात, वणवा कसा लागतो, कसा अडवायचा, ते समजावत. मामाचं गाव त्यातलंच. वाळलेलं जाळलं की पावसाळ्यात नवं गवत जोमानं येतं, ही तिथली जुनी समजूत. मामाही दरवर्षी डोंगराचा एक तुकडा पेटवायचा.

त्या वर्षी बाबांनी मलाही नेलं. मी नऊ वर्षांची. इंग्रजी शाळेमुळे माझं मराठी अडखळायचं, गावातली मुलं हसायची, म्हणून मी मामाच्या ओसरीवर गप्प बसून राहिले. मामी विळा-दोर घेऊन निघाली. "सरपण घेऊन येते गं. ऊन लई हाय, तू बस इथंच," म्हणाली, आणि घरामागच्या पायवाटेनं वर गेली.

समोर पारावर बाबांभोवती माणसं जमली होती.

"साहेब, तुमचा बंब डोंगर चढंल का?" कुणीतरी विचारलं.

"नाय चढत. म्हणून तर हात जोडायला आलोय."

सगळे हसले. तेवढ्यात मामा घरातून काडेपेटी घेऊन आला. "दाजींचं भाषण संपेस्तोवर उरकून येतो. सांगू नको बरं का, इंग्लिश मॅडम."

मामी वर आहे – एवढंच सांगायचं होतं. मामाला, नाहीतर तीस पावलांवरच्या बाबांना. मी मनात वाक्य जुळवत राहिले. तोवर मामा दिसेनासा झाला. बाबांकडे जायचं तर त्या सगळ्या माणसांतून जावं लागलं असतं...

वारा फिरला. बंब पायथ्याशीच उभा राहिला, पाइप पुरला नाही; बाबा आणि त्यांची माणसं कडुनिंबाच्या ओल्या फांद्यांनी आग झोडपत वर चढली. मामी ओघळीत सापडली. बाबांनीच तिचा देह उचलून खाली आणला.

मामानं पेटवलं, हे गावाला कळलं. त्यानंही ते कधी नाकारलं नाही. मामी वर गेल्याचं मला ठाऊक होतं, हे मात्र कुणालाच कळलं नाही. उलट, "पोरीनं धसका घेतलाय, बोलतच नाही," म्हणून सगळ्यांनी मला जवळ घेतलं. मामानंसुद्धा.

आता बाबा निवृत्त झालेत. डोंगरावर धूर दिसला की गच्चीच्या कठड्याशी उभे राहतात. "ती वर गेलेली एकानं जरी पाहिली असती..." म्हणतात. मी त्यांच्या हातात चहाचा कप देते आणि आत निघून येते.